सेंटओएस ७ वर टेसरॅक्ट ५ बिल्ड होत नाही, ‘कंपायलर जुना’ म्हणून अडतंय

वाचनालय_फोंडा
नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचं काम बघते. शिक्षण बीए मराठी, पण सहा वर्षं इथला सर्व्हर मीच सांभाळतेय, त्यामुळे लिनक्सचे कमांड हाताला बसलेत.

आमच्याकडे एक लाकडी पेटी आहे. तीत देवळातल्या उत्सवाच्या नाटकांच्या छापील हस्तपत्रिका, स्मरणिका आणि वाचनालयाचे जुने अहवाल आहेत. काही तर १९६१ च्या आधीचे, पोर्तुगीज अमलातले. कागद हातात घेतला की कडा गळतात. दोन पावसाळे मी बसून साडेचारशेच्या वर पानं स्कॅन केली. आता त्यांतला मजकूर शोधता यायला हवा. अमुक साली कुठलं नाटक झालं, आमच्या आजोबांनी त्यात काम केलं होतं का, असं विचारत माणसं येतात. मग पेटी उघडावी लागते, आणि दर वेळी एखाद्या कागदाचा कोपरा जातोच. चवथीला बाहेरगावची मंडळी गावात येतात. त्याआधी हे उभं करायचं ठरवलंय.

मजकूर वाचून घ्यायला टेसरॅक्ट ५ हवा आहे, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून टेक्स्ट देणारा प्रोग्राम. मशीन जुनं: सेंटओएस ७, चार जीबी रॅम. यमवरून (सेंटओएसचं पॅकेजेस बसवायचं साधन) मिळतो तो टेसरॅक्ट ३ च्या मालिकेतला. त्याने जोडाक्षरांची इतकी मोडतोड केली की हातानं टाइप केलेलं बरं. म्हणून सोर्स कोड उतरवून त्यापासून प्रोग्राम इथेच बिल्ड करायला घेतला.

टेसरॅक्टला लागणारी, चित्रं हाताळणारी लायब्ररी लेप्टोनिका विनातक्रार बिल्ड झाली. टेसरॅक्टचा कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) मात्र थांबला: तुमच्या कंपायलरला सी++१७ येत नाही, पुढे जाता येणार नाही. जीसीसीचं, म्हणजे सोर्सपासून प्रोग्राम बनवणाऱ्या इथल्या कंपायलरचं, व्हर्जन विचारलं तर ४.८.५. मी कॉन्फिगरमधली ती तपासणीच काढून टाकली. मेक चालवल्यावर जी++ म्हणाला की सी++१७ हा ऑप्शनच ओळखत नाही. त्या जागी सी++१वाय घातलं तर एररच्या शेकडो ओळी आल्या. पहिली ओळ बघायला वर जावं तर टर्मिनलमधून ती केव्हाच निघून गेलेली.

ओळखीच्या एकाने सुचवलं, नव्या डिस्ट्रोमधले जीसीसी आणि जीलिबसीचे आरपीएम (पॅकेजच्या फायली) उतरव आणि फोर्स, नोडेप्स देऊन, म्हणजे तपासण्या टाळून, बसव. मला भीती वाटते. याच मशीनवर पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम चालतो. २०१५ मध्ये एका सभासदाच्या मुलाने लिहून दिलेला, पीएचपी ५.४ वरचा. तो मुलगा आता परदेशात असतो. प्रोग्राम बंद पडला तर नऊशे सभासदांच्या नोंदी अडकतील. ओएस बदलायला हात धजत नाही तोही याचमुळे.

दोन प्रश्न आहेत. लेप्टोनिका झाली आणि टेसरॅक्ट का नाही? आणि देवघेवीला धक्का न लावता नवा कंपायलर आणता येतो का?

म्हादईकाठ
ताई, पहिलं काम: ते फोर्स-नोडेप्स करू नका. आज तर नाहीच.

मी वाळपईचा, नोकरी वेर्ण्याला. अशीच सेंटओएस ७ ची मशीन्स आमच्याकडे बरीच वर्षं होती. २०१९ साली एका मशीनवर मी नवी जीलिबसी जबरदस्तीने बसवली, कारण एक विकत घेतलेला प्रोग्राम ती मागत होता. एंटर दाबलं आणि त्या क्षणापासून एलएस चालेना, सीपी चालेना, यम चालेना. जीलिबसी ही सी ची मूळ लायब्ररी, म्हणजे घराचं जोतं. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. उघडं राहिलेलं एसएसएच सत्र तेवढं जिवंत होतं, आणि त्यातही काही करता येत नव्हतं. शेवटी सीडी लावून रेस्क्यू मोडमध्ये जुन्या फायली परत ठेवल्या. संध्याकाळची शेवटची बस चुकली, वेर्ण्याहून वाळपईला पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. तेव्हापासून जीलिबसीला कुणी हात लावायला निघालं की मी आडवा येतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. लेप्टोनिका सी भाषेत लिहिलेली आहे, आणि तिला लागणारी सी भाषा जीसीसी ४.८.५ ला पुरेपूर येते. टेसरॅक्ट सी++ मध्ये आहे. त्याच्या ४ च्या मालिकेला सी++११ पुरत होतं, ५ ला सी++१७ लागतं. आता सालं बघा. जीसीसी ४.८ आला २०१३ च्या मार्चमध्ये. सी++१७ हे प्रमाण छापून आलं २०१७ च्या डिसेंबरात. टेसरॅक्ट ५.०.० आला २०२१ च्या नोव्हेंबरात. जो नियम चार वर्षांनी लिहिला गेला तो ४.८ ला ठाऊक असणार कसा? तुम्ही तपासणी काढलीत, तरी कंपायलर होता तिथेच राहिला. कॉन्फिगर खरं तेच सांगत होता.

मग सेंटओएसने जीसीसी पुढे का नेला नाही? कारण त्यांचं वचनच तसं होतं. सेंटओएस ७ आला २०१४ मध्ये, आणि शेवटपर्यंत ४.८ वरच राहिला. सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून लावत, पण पायाचं व्हर्जन बदलत नसत. त्यामुळेच तुमचा २०१५ चा देवघेवीचा प्रोग्राम आजही चालतो. ज्या सवयीने तो वाचला तीच आज टेसरॅक्टला आडवी आली.

नवा कंपायलर शेजारी बसवायची सोय मात्र आहे. तिचं नाव डेव्हटूलसेट. त्यातला ११ क्रमांकाचा घ्या, त्यात जीसीसी ११ आहे. तो /ऑप्ट/आरएच खाली वेगळ्या डिरेक्टरीत बसतो आणि /यूएसआर/बिन मधल्या जीसीसीला शिवतही नाही. वापरायचा तेव्हा ‘एससीएल एनेबल डेव्हटूलसेट-११ बॅश’ म्हणायचं, म्हणजे एक नवा शेल उघडतो आणि त्या शेलपुरता जीसीसी नवा होतो. एक्झिट केलं की पुन्हा ४.८.५. देवघेवीला यातलं काही कळणारसुद्धा नाही.

कॉन्फिगर आणि मेक दोन्ही त्याच शेलमध्ये चालवा. आधीच्या फसलेल्या बिल्डचा कचरा ठेवू नका. माझा सल्ला, सोर्स नव्याने उलगडा, कारण कॉन्फिगरमध्ये तुम्ही हाताने फेरफार केलाय. आणि प्रिफिक्स, म्हणजे प्रोग्राम बसवायची जागा, तुमच्या होम डिरेक्टरीतला द्या. रूट लागणार नाही, आणि नको झालं तर एक डिरेक्टरी पुसली की संपलं.

वाचनालय_फोंडा
दादा, जोत्याचं उदाहरण नीट कळलं. आरपीएम उतरवले होते ते पुसून टाकले.

पण यम पहिल्याच पायरीला थांबला. एससीएलचं (डेव्हटूलसेट ज्या संचात येतो त्याचं) रिलीज पॅकेज मागितलं तर म्हणतो मिररलिस्टचा होस्ट सापडत नाही. इंटरनेट चालू आहे, याच मशीनवरून बाकी साइट उघडतात.

आणखी एक शंका. टेसरॅक्ट रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवायचा आहे. दर वेळी तो वेगळा शेल उघडावा लागेल का?

म्हादईकाठ
चूक तुमच्या नेटची नाही. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि ते मिरर (पॅकेजेस देणारे सर्व्हर) बंद झाले. पॅकेजेस व्हॉल्टमध्ये, म्हणजे जुन्या पॅकेजेसच्या संग्रहात, आहेत. /ईटीसी/यम.रेपोज.डी मधल्या फायलींची आधी प्रत काढून ठेवा. मग मिररलिस्टच्या ओळींपुढे हॅश लावा, बेसयूआरएलच्या ओळींपुढचा हॅश काढा, आणि त्यांत मिरर.सेंटओएस.ऑर्ग आहे तिथे व्हॉल्ट.सेंटओएस.ऑर्ग करा. एससीएलचं रिलीज पॅकेज बसल्यावर त्याच डिरेक्टरीत आणखी दोन रेपो फायली येतील. त्यांतही हाच बदल परत करावा लागतो. बहुतेक लोक तिथे अडकतात: पहिली दुरुस्ती चालली म्हणून निर्धास्त होतात आणि पुढच्याच कमांडला तोच एरर येतो.

क्रॉनची काळजी सोडा. डेव्हटूलसेटची ही करामत मला फार आवडते. नव्या सी++ लायब्ररीतला जो भाग जुन्या सिस्टिमवर नसतो, तेवढाच तो तुमच्या प्रोग्राममध्ये स्टॅटिक जोडून देतो. उरलेलं सिस्टिमच्याच लायब्ररीतून घेतो. त्यामुळे बिल्ड नव्या कंपायलरने होतो, पण तयार प्रोग्राम साध्या सेंटओएस ७ वर एससीएलशिवाय चालतो. प्रोग्राम कुठल्या लायब्ररी मागतो ते दाखवणारी एलडीडी कमांड लावून बघा, सगळी नावं ओळखीची दिसतील.

वारा_पश्चिमेचा
मी पुण्यात असतो, आजोळ पेडण्याचं. वरचं उत्तर बरोबर आहे, तरी एक विचारतो: बिल्ड करायची गरजच आहे का? डेबियन १२ वर टेसरॅक्ट ५.३ तयार पॅकेज म्हणून मिळतो, मराठीचा डेटाही वेगळ्या पॅकेजमध्ये आहे. दुसरा एखादा साधा लॅपटॉप मिळत असेल तर त्यावर डेबियन टाका, दोन पॅकेजेस बसवा, स्कॅन तिकडे न्या, टेक्स्ट फायली परत आणा. कंपायलरचं नावही काढावं लागणार नाही.

फक्त तिथे बिल्ड केलेला प्रोग्राम उचलून सेंटओएस ७ वर आणू नका. सेंटओएस ७ ची जीलिबसी २.१७ आहे, डेबियन १२ ची २.३६. प्रोग्राम सुरू होण्याआधीच ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ असं म्हणून पडेल. जुन्यावर बिल्ड केलेलं नव्यावर सहसा चालतं, उलटं चालत नाही.

याच मशीनवर कंटेनर (प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट वेगळा चालवायची सोय) वापरायचा विचार असेल तर कंटेनर चालवणारा डॉकर किती जुना आहे ते आधी बघा. २०.१०.१० च्या आधीच्या डॉकरमध्ये नव्या जीलिबसीची इमेज चालवली तर थ्रेड सुरू करतानाच ‘परवानगी नाही’ असा एरर येतो. कारण दाखवलं जातं परवानगीचं, आणि मूळ असतं डॉकर नव्या सिस्टिम कॉलला ओळखत नाही यात. मी त्यात एक अख्खा शनिवार घालवलाय.

आणि मुदत संपलेली ओएस थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नका, ही कळकळीची विनंती. देवघेव फक्त वाचनालयाच्या आतल्या नेटवर्कवर चालली तर काय बिघडतं?

वाचनालय_फोंडा
आतल्याच नेटवर्कवर आहे, बाहेरून पोर्ट उघडा नाही. दुसरा लॅपटॉप मात्र नाही. एक होता तो जुलैत विजेच्या लोळात गेला. आमच्याकडे पावसात वीज किती खेळ करते ते पेडण्याच्या माणसाला सांगायला नको. म्हणून डेव्हटूलसेटनेच करून बघते.

डिचोलीहून
ताई, तुमचा कॉन्फिगर थांबला ही चांगली गोष्ट झाली. जुना कंपायलर नेहमी इतका प्रामाणिक नसतो, म्हणून माझा अनुभव लिहितो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यांवरून सर्व्हे नंबर वेगळे काढणारा प्रोग्राम लिहिला. ११२/३, ११२/३-अ असे आकडे. घरच्या लॅपटॉपवर उबंटू, जीसीसी ७. तिथे सगळं ठीक. प्रयोगशाळेतल्या मशीनवर ४.८. तिथे बिल्ड झाला, एक वॉर्निंगसुद्धा नाही. चालवला की पहिल्याच ओळीला रेजेक्सचा (मजकुरात पॅटर्न शोधायच्या सोयीचा) एक्सेप्शन. तीन रात्री आम्ही पॅटर्न बदलत बसलो. मार्गदर्शक सर म्हणायचे पॅटर्न चुकलाय, आम्हालाही तसंच वाटायचं.

चूक पॅटर्नमध्ये नव्हतीच. जीसीसी ४.८ मध्ये रेजेक्सची हेडर फाइल आहे, फंक्शनं जाहीर केलेली आहेत, पण आतलं काम अर्धवट आहे. चौकटी कंस आला की गाडी थांबते. खरं काम ४.९ मध्ये झालं. म्हणजे कंपायलर ‘हे मला येतं’ म्हणून सही करतो आणि ऐन वेळी हात वर करतो. सी++११ पूर्ण येतं असं ४.८.१ पासून म्हणतात ते भाषेपुरतं खरं आहे. सोबतची लायब्ररी तेव्हा मागे होती. भाषा आणि लायब्ररी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कॉलेजात आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून कुणी ‘टेसरॅक्ट ४ घ्या, तो ४.८.५ वर बिल्ड होतो’ म्हणालं, तर बिल्ड झाला एवढ्यावर समाधान मानू नका. चार पानं वाचून घ्या, मग विश्वास ठेवा.

कॉन्फिगरच्या जागी सीमेक हे साधन वापरणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो. सीमेक पहिल्या वेळी जो कंपायलर बघतो तो कॅशमध्ये लिहून ठेवतो. नंतर तुम्ही शेल बदला, कंपायलर सांगणारं सीएक्सएक्स व्हेरिएबल बदला, तो जुन्यालाच धरून बसतो. बिल्डची डिरेक्टरी पुसून नव्याने सुरुवात करायची. एवढ्या एका गोष्टीपायी डेव्हटूलसेट चालत नाही म्हणणारे मी पाच-सहा जण तरी बघितलेत.

वाचनालय_फोंडा
सगळ्यांना आधी सांगते: झालं! देव बरें करूं. आता कुठे कुठे अडले तेही लिहिते, पुढे कुणी याच वाटेने येईल.

रेपो फायलींचा बदल दोनदा करावा लागला, दादांनी लिहिलं होतं तसाच. पहिल्यांदा मी एससीएलच्या दोन फायलींपैकी एकच बदलली होती. डेव्हटूलसेट बसला, शेल उघडला, जीसीसीला व्हर्जन विचारलं. ११ असं उत्तर आलं तेव्हा दुसऱ्या टर्मिनलमध्येही विचारून बघितलं. तिथे ४.८.५. देवघेवीचा प्रोग्राम उघडून एक पुस्तक नोंदवलं आणि परत घेतलं. शांतपणे चालला. तिथे माझा जीव खाली पडला.

कॉन्फिगर सी++१७ च्या पुढे गेला आणि लेप्टोनिकावर थांबला: १.७४ किंवा पुढची हवी, सापडत नाही. मी तर १.८४ बसवली होती. अर्धा दिवस यात गेला. लेप्टोनिका कुठे बसली ते सांगणारी .पीसी फाइल /यूएसआर/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग मध्ये होती आणि सेंटओएसचा पीकेजी-कॉन्फिग आपणहून तिथे बघतच नाही. पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये ती डिरेक्टरी दिल्यावर सापडली. हा एरर कंपायलरचा नव्हता, पण मी मात्र पहिला संशय नव्या कंपायलरवरच घेतला होता. एकदा एका गोष्टीने त्रास दिला की पुढचं सगळं तिच्याच माथी मारावंसं वाटतं.

मग मेक. लवकर व्हावं म्हणून चार कामं एकदम लावली. पंधराव्या मिनिटाला ‘सीसी१प्लस किल्ड’. एररमध्ये ना फाइल, ना ओळ. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) बघितला तर मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच त्याला मारलं होतं. चार जीबीत देवघेवीचा डेटाबेसही चालतो हे माझ्या लक्षातून गेलं. एकच काम लावून पुन्हा सुरू केलं. तेवढ्यात वीज गेली. यूपीएसने वीस मिनिटं तग धरली आणि मशीन पडलं. वीज आल्यावर मेक पुन्हा चालवला, आधीच्या ऑब्जेक्ट फायली होत्या तिथून तो पुढे निघाला. एक फाइल मात्र अर्धवट लिहिली गेली होती आणि लिंकर तिच्यावर अडला. ती एकटी पुसून पुन्हा मेक केला. रात्री सव्वानऊला संपलं.

मराठीचा डेटा टेसरॅक्टच्या ‘बेस्ट’ संचातला घेतला आणि प्रिफिक्सच्या खाली शेअर/टेसडेटा मध्ये ठेवला. आधी चुकून /यूएसआर/शेअर मध्ये टाकला होता, तर मराठी भाषाच नाही म्हणाला. एक्झिट करून साध्या शेलमधून चालवलं, क्रॉनमधूनही चालवलं. दोन्हीकडे चालतो.

आता डिचोलीहून लिहिणाऱ्या दादांचं ऐकून चार पानं शब्दन्‌शब्द ताडून बघितली. अहवालांचा मजकूर चांगला येतो, ओळीला एखादी चूक. हस्तपत्रिकांत नाटकाचं नाव मोठ्या नक्षीदार टायपात असतं, ते बहुतेक वेळा वाचताच येत नाही. पात्रांची यादी बारीक टायपात असते, ती येते. ‘ळ’ च्या जागी मधूनमधून ‘ल’ पडतो. शाई पसरलेल्या जागी अनुस्वार हरवतो. म्हणजे नाटकांची नावं मला हातानेच भरावी लागतील. ती दीडशेच्या आसपास आहेत, चवथीपर्यंत होतील.

म्हादईकाठ
फार छान वाटलं वाचून. एक काम लगेच करा. रेपो फायलींतले बदल, डेव्हटूलसेटचा क्रमांक, लेप्टोनिका आणि टेसरॅक्टचे क्रमांक, तो पाथ, सगळं एका कागदावर लिहून सर्व्हरच्या बाजूला चिकटवा. सोर्सच्या टारफायली आणि डेव्हटूलसेटचे आरपीएमही पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. व्हॉल्ट आज आहे म्हणून चाललं.

आणि देवघेवीचा डेटा तिथेच ठेवून प्रोग्राम नव्या ओएसवर नेता येतो का, ते चवथीनंतर बघू. मी महिन्यातून एकदा फोंड्याला येतो. पीएचपी ५.४ चा कोड एकदा डोळ्यांखालून घालायला आवडेल.

वाचनालय_फोंडा
कागद चिकटवला. आरपीएम पेन ड्राइव्हवर घेतले, तो पेन ड्राइव्ह त्या लाकडी पेटीतच ठेवलाय, हस्तपत्रिकांच्या वर.

दादा, नक्की या. सोमवारी वाचनालय बंद असतं, बाकी रोज चार ते आठ. काल एक आजी आल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं नाव शोधपट्टीत टाकलं. १९५६ च्या हस्तपत्रिकेत तिसऱ्या ओळीत निघालं, स्त्रीभूमिकेत. आजींनी ते स्क्रीनवर वाचलं, मग मूळ कागद दाखवा म्हणाल्या. पेटी उघडावीच लागली.